कोरड्या नदीपलीकडची बाग

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या नवऱ्याचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. त्याची निम्मी गिऱ्हाइकं खोर फक्कानच्या अलीकडच्या डोंगरांत, खजुराच्या बागांमध्ये. मागे एका हिवाळ्यात, शुक्रवारी, तो मला आणि आमच्या मुलीला तिकडे सोबत घेऊन गेला. इतकी वर्षं शहरातल्या अल नहदा भागात राहून मी तो मुलूख पाहिला नव्हता.

हायवे सोडला की टॉवर मागे पडतात. दोन्ही बाजूंना करपलेल्या भाकरीच्या रंगाचे डोंगर, गवताची काडी नाही. मधून वादी जाते, म्हणजे नदीचं पात्र, पण त्यात नुसते गोटे. रस्ता पात्रात उतरतो आणि पलीकडे चढतो. गाव म्हणजे थोडी घरं, एक मशीद, बागांभोवती दगडी गडगे. बहुतेक लोक सरकारी नव्या घरांत राहायला गेलेले. उरलेले कमी बोलतात. गाडी दिसली की दारात येऊन उभे राहतात आणि ओळख पटेपर्यंत नुसते बघत राहतात. मला ते बघणं आवडलं नाही.

आम्ही गेलो त्या बागेची मालकीण म्हातारी होती, एकटीच राहायची. मुलगा खोर फक्कानच्या बंदरावर नोकरीला. कामगारांशी बोलून तिला मोडकीतोडकी हिंदी येत होती. नवऱ्याने पंप उघडला तर आत चिखल.

"पानी बहुत नीचे गया," ती म्हणाली. "आदमी लोग भी गया."

एक बेअरिंग बदलायचं होतं. ते पलीकडच्या गावातल्या दुकानात मिळालं असतं.

"अर्ध्या तासात येतो, इन्शाल्ला," म्हणून नवरा व्हॅन घेऊन वादीत उतरला.

आमच्या डोक्यावर लख्ख ऊन होतं. वरचे डोंगर मात्र हळूहळू दिसेनासे झाले, जणू कुणी त्यांच्यावर राखेचं पाणी ओतलं होतं. आमच्या रायगडात पाऊस आधी अंगावर येतो, मग नदी फुगते. इथे थेंबही नव्हता. वारा पडला. मग घरघर ऐकू आली.

"मम्मी, इज दॅट अ ट्रक?" मुलीने विचारलं.

म्हातारी बाहेर आली, क्षणभर कान देऊन उभी राहिली आणि मुलीचा हात धरून म्हणाली, "ऊपर. यल्ला."

आम्ही वरच्या जुन्या दगडी घराच्या ओट्यावर पोचलो तोच वळणावरून पाणी आलं. तपकिरी, जाड, खजुराचे ओंडके घेऊन. बघता बघता रस्ता गेला. खालचा गडगा गेला. फोनला रेंज नव्हती.

"इज अब्बा इन दॅट?"

मला फक्त वादीत उतरणारी पांढरी व्हॅन दिसत होती.

म्हातारीने मुलीला जवळ घेतलं. म्हणाली, "इधर बैठके मैंने भाई का रास्ता देखा था."

तो आला का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

उन्हं उतरताना पलीकडच्या काठावर व्हॅन दिसली. नवरा उतरला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. मुलगी हाका मारत होती, पण पाण्याच्या आवाजात त्या त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या. नंतर कळलं, जुम्म्याच्या नमाजासाठी दुकान बंद होतं, ते उघडायची वाट पाहत तो थांबला होता. नाहीतर परतताना नेमका पात्रात असता.

सकाळी पाणी गुडघ्याएवढं झाल्यावर तो चालत आला. मुलीला उचललं, माझ्याकडे बघितलं. विहीर गाळाने भरली होती, खालची झाडं मुळांसकट गेली होती. तो पंपाकडे वळला तेव्हा म्हातारीने मान हलवली.

"खलास," एवढंच म्हणाली.

पुढे तिचा मुलगा तिला खोर फक्कानला घेऊन गेला. बाग तशीच पडली आहे.

नवरा अजून त्या डोंगरांत जातो. काम तिथेच आहे. आभाळ भरून आलं की मी फोन करते. लागला नाही की मुलगी आपल्या खोलीतून विचारते, "इज ही इन द माउंटन्स?" मी हो म्हणते. मग ती बाहेर येते आणि आम्ही दोघी टीव्ही बंद करून बसून राहतो.