फावडी घेऊन आलेले पालक

“इथल्या पालकांना मुलांच्या खेळात रसच नाही.” हे वाक्य मी इतक्या बैठकांमध्ये ऐकलंय, की बोलणारा तोंड उघडतो तेव्हाच मला कळतं. मी इथल्या आदिवासींच्या संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळे चिडायची सवय आहे. पण हे वाक्य खोटं आहे हे मी आमच्याच शाळेच्या मैदानावर पाहिलं.

आमचा पाडा जव्हार-मोखाडा रस्त्यावरून आत. धाकटी बहीण आठवीत. कबड्डीत ती चढाईला गेली की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. शाळेचा मुलींचा संघ तालुक्याच्या सामन्यांना जव्हारला जाणार होता. पण भात झोडून झालं होतं, नाचणी घरात आली होती आणि वीटभट्टीवर जायचे दिवस आले होते. आईचं ठरलेलं: बहीण बरोबर येणार. ती आणि बाबा विटा पाडणार, मग लहानग्या भावाला कोण सांभाळणार? सामना-बिमना पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी म्हणजे कधीच नाही. आमच्या पाड्यावरच्या किती पोरींचा खेळ असा पुढच्या वर्षावर गेला!

मी ठरवलं, आईने तिला एकदा खेळताना बघितलं पाहिजे. रविवारी मोखाड्याकडच्या एका शाळेचा संघ सरावाला येणार होता. मी घरोघर गेले. “शाळेत या, पोरींची कबड्डी बघायला या,” असं स्वच्छ सांगितलं.

आणि पालक आले. बाप्ये फावडी-टिकाव घेऊन, बाया घमेली घेऊन. आईच्या कडेवर लहानगा, हातात घरची कुदळ.

आमचे सर हसायलाच लागले. “अहो, सामना बघायला बोलावलंय!”

“ते कळलं,” एक काका म्हणाले. “पण काम काय हाय?”

“काम काही नाही. बसून बघायचं.”

“निस्तं बसायचं?” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना फसवून आणलंय.

पाहुण्या पोरीही हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी वर्षं शाळेने आमच्या माणसांना कशाला बोलावलं? कौलं बसवायला, गवत काढायला, मैदानातले दगड वेचायला. बसा आणि तुमची पोरगी बघा, असं कोण म्हणालं कधी? ज्याला फक्त राबायला बोलावता, तो राबायची तयारी करूनच येणार. आणि मग तुम्हीच बैठकीत चहा पीत म्हणणार, रस नाही!

बसायला काही नव्हतंच. सगळे घमेली पालथी घालून त्यांवर बसले.

बहिणीची चढाई आली. “कबड्डी कबड्डी” करत ती आत घुसली, एकीला शिवली आणि वळताना घोट्यात पकडली गेली. चार जणी अंगावर पडल्या. तिचा हात मध्यरेषेकडे सरकत होता. तेवढ्यात आई लहानग्यासकट मैदानात.

“ए बाय, सोड तिला! कुणाच्या गं तुम्ही पोरी?”

“मावशी, बाहेर व्हा!” सर ओरडले.

“बाहेर काय? जीव घेतील तिचा!”

ढिगाखालून बहीण किंचाळली, “आये, जा ना तू!”

शिट्टी. बाद. चढाईत कबड्डी सोडून दुसरा शब्द तोंडातून निघाला की दम तुटला.

“तुझ्यामुळं माझा दम तुटला!” बहीण रडायच्या बेतात.

“दम तुटला? पाणी आणू काय?”

मग बहिणीने तिथेच, मातीने भरलेल्या तोंडाने, आईला अख्खा नियम समजावला. आईने विचारलं, “म्हणजे तू रेषेला पोचली असती?”

“पोचलीच होती!”

आई जाऊन घमेल्यावर बसली. पुढच्या चढाईला काका ओरडायला लागले, तर तिने त्यांना दटावलं, “गप रं! बोलली तर बाद होईल ती.” सामना संपेपर्यंत तिने सगळ्या पालकांना गप्प बसवलं. आमच्या पोरी जिंकल्या, तेव्हा कुठे ओरडायची परवानगी मिळाली.

संध्याकाळी भट्टीच्या मुकादमाचा फोन आला. माणसं न्यायला गाडी परवा येणार. बाबा “हो, हो” करत होते. आईने फोन काढून घेतला.

“शनिवारी जव्हारला पोरीचा सामना हाय. त्याच्यानंतर येऊ.”

“तुम्ही कशाला थांबता? तुम्ही खेळणार काय?”

“मी नाय खेळत. मी बसणार.”

बाबा हळूच म्हणाले, “त्याने दुसरी माणसं घेतली तर?”

“घेऊ दे. भट्ट्या काय कमी हायत?”

मंगळवारी सकाळी गाडी आली. शेजारचे दोघं-तिघं चढले. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवला. अंगणात बहीण चढाईचा सराव करत होती आणि समोर पदर खोचून आई. आईने मान वळवली नाही. पोरीचा घोटा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.