कमलनं काचेवर दाखवलेली सरकी

विसरले ना? गॅसवर दूध ठेवून विसरणारे लोक तुम्ही, कमल कुठची आठवायला.

माझी नणंद कमल जाऊन उद्या वर्ष होते. मी सांगून राह्यली, नात घरच्या ग्रुपवर टाइप करून राह्यली.

तेव्हा आम्ही बाबासाहेबांमागं धम्मदीक्षा घेतली त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. नेरच्या आमच्या वस्तीतून यवतमाळच्या दवाखान्यात पांढरा कोट घालून लॅबमध्ये बसणारी कमल पहिलीच पोरगी.

मला तेव्हा मूल नव्हतं. अन् अंगावरून अवेळी लाल जायचं.

डॉक्टरीणबाईंनी आतून नमुना घेतला, काचेच्या पट्टीवर पसरवला. म्हणाल्या, जा, कमलला नेऊन दे.

काचेवर बुळबुळीत डाग. नणंदेच्या हातात अशी घाण काच द्यायची?
नळावर चोळून धुतली. पदरानं पुसली.

कमलनं ती उजेडात धरली.
"वहिनी, तू तं अख्खा रिपोर्टच धुतला."

पुन्हा नमुना घेतला. या वेळी तिनं रंग चढवून मलाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं.

अवं माय.
जांभळी-गुलाबी बोंडंच बोंडं, अन् दर बोंडात एक सरकी. हे सगळं माझ्या आतलं!

कमलनं समजावलं. चांगल्या पेशीत, म्हणजे बोंडात, सरकी लहान असते. तुझ्या काही पेशींची फुगली, काळी पडली. हा कॅन्सर नाही अजून. पण अशा काही पेशी तिकडे जातात, काही आपसूक माघारी फिरतात.

"माह्या कोणीकडे जातीन?"
"ते आज कोणालेच सांगता येत नाही, वहिनी. पाहत राहा लागते."

सासूबाई म्हणाल्या, पिशवी काढा, जीव वाचवा. डॉक्टरीणबाईही तयार होत्या. कमलनं हळूच विचारलं, फुगलेल्या थोड्याच आहेत, दर तीन महिन्यांनी पाहिलं तर चालेल का?
बाईंनी पुन्हा डोळा लावला. लय वेळ. मग हो म्हणाल्या.

दुसऱ्या काचेत तसंच. तिसऱ्या काचेत तसंच. रात्री झोप नाही.

चौथ्या वेळी कमलनं काच आधी स्वतः पाहिली. मला खुर्चीवर बसवलं. आधी जुनी काच दाखवली, मग नवी.

सरक्या लहान झाल्या होत्या.

मले अक्षर वाचता येत नाही. ते मी वाचलं.

पुढच्या वर्षी या टाइप करणारीचा बाप जन्मला.

मग कमलनं वस्तीतल्या बाया धरून धरून नेल्या. दोघी लाजल्या, गेल्या नाहीत. त्या राहिल्या नाहीत.

जा कमल, सुखानं जा. जय भीम.

उद्या तिच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला हार आणू नका. दवाखान्यात तपासणीच्या लाइनीत बाया उपाशी बसतात. त्यांच्यासाठी ज्वारीची भाकर, बेसन अन् ठेचा पाठवा.
अन् डबा घरच्या बाईच्याच हाती पाठवा. गेलीच आहे, तं तिचीही तपासणी होऊन जाईल.