बांधलेला घोडा हलवायचा नाही

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात कोणाचे घोडे कुठे बांधायचे, हे तेवीस वर्षं हिलाल ठरवतो. तो माझा शेजारी. त्याचा नियम एकच: एकदा बांधलेला घोडा हलवायचा नाही. हलवला की नवा शेजारी लाथ मारतो, आणि मग मालकही.

त्याची पुतणी रविना संगणक अभियंता आहे. पाण्याच्या पंपावर बसवायच्या छोट्या पेटीसाठी तिने मेमरी वाटणारा प्रोग्राम लिहिला होता. मला समजलं ते एवढंच: पेटीतली कामं थोडी थोडी जागा मागतात, काम झालं की परत करतात. कोणाला कुठली जागा द्यायची, ते हा प्रोग्राम ठरवतो. पहिली पेटी सोमवारी मणिबेलीला जाणार होती. तिथे होडीनेच जावं लागतं. पेटी बंद पडली की गावाचं पाणी बंद, आणि दुरुस्तीला होडीत रविना. तिला पोहता येत नाही.

म्हणून शनिवारी ओट्यावर बसून ती प्रोग्रामला खोट्या मागण्या पाठवत होती. पडद्यावर चौकोन ओळीने भरत होते, त्याच ओळीने रिकामे होत होते. हिलाल आणि मी चहा पीत होतो.

“काय करी ऱ्हायनी माय?” हिलालने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने बराच वेळ पाहिलं.

“पहिला उना तो पहिला गया. दुसरा उना तो दुसरा गया. असा बाजार मी कधी देखा नही.”

“काका, या घोडा नहीत.”

“एकदा देल जागा बदलता येस का?”

“नही.”

“मंग घोडाच शेतस.”

रविनाने त्याला मागचा बाजार सांगायला लावला. त्याला तो पाठ होता. चिंधा, एक घोडी, दुसऱ्या दिवशी विकून गेला. इंद्रसिंग, तीन घोडे, शेवटपर्यंत हलला नाही. ती तशाच मागण्या घालत गेली. पाचव्या दिवशी एका व्यापाऱ्याला बारा घोड्यांची सलग जागा हवी होती. तिथे प्रोग्राम थांबला. एकोणीस जागा रिकाम्या होत्या, पण विखुरलेल्या.

रविनाने त्या पडद्यावर मोजून पाहिल्या. मग म्हणाली, “तू काय करस, काका?”

“एकटादुकटासले नदीबाजूले बांधस. वरली रांग मोठासनी.”

तिने रविवारी प्रोग्राम तसा बदलला, छोट्या मागण्या एका टोकाला आणि मोठ्यांसाठी सलग जागा राखून, आणि हिलालकडून आणखी चार बाजार वदवून घेतले. एकात कोणी उंट आणला होता. तोही तिने घातला. प्रोग्राम थांबला नाही.

पेटीला आता आठ महिने झाले. चालू आहे. पोहायला शिकायची गरज रविनाला अजून पडलेली नाही.