चिंचेने घासलेली नऊ नाणी

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, पण तांब्याच्या नऊ नाण्यांचे ते प्रकरण अजून जसेच्या तसे लक्षात आहे. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. तरी मला इतकी उत्सुकता दुसऱ्या कुठल्याच तपासात लागली नव्हती.

तेव्हा माझी नेमणूक गेवराई तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्यात होती. सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत होतो. एक निवृत्त गुरुजी समोर येऊन बसले आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

"तक्रार न्हाई माझी, साहेब. फक्त इचारायचं हाय. जमिनीत सापडलेलं नाणं घरात ठेवलं तर गुन्हा होतो का?"

'फक्त विचारायचं आहे' म्हणणारा माणूस निम्मा जबाब देऊनच बसलेला असतो, असा माझा अनुभव. मी चहा सांगितला. तेवढ्यात बाहेर थांबलेल्या त्यांच्या पत्नी आत आल्या आणि स्टीलचा डबा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "सांगा की सगळं. कावून लपवायलात?"

मग गुरुजी बोलले. जुन्या नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ मोबाइलवर पाहून त्यांना नाणी जमवायचा नाद लागला होता. तलवाड्याच्या बाजारात त्यांना एक माणूस भेटला. पाली गावाकडे विहीर खणताना गाडगेभर शिवराया सापडल्या, म्हणाला. शिवराई म्हणजे मराठेशाहीतला तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सरकारला कळले तर जप्ती येईल, कुठे बोलू नका, असेही त्याने बजावले. नऊ नाणी दिली आणि बदल्यात गुरुजींच्या देवघरातली एकुलती एक शिवराई घेतली. गुरुजींच्या आईने जन्मभर पूजलेले नाणे होते ते.

"एकाला नऊ मिळायली म्हनून मी हुरळलो," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. "आईचं नाणं माझ्या हातानं घालवलं, साहेब."

डबा उघडला तर नऊही नाणी लखलखीत. गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"ही चिंच लावून घासून बसली. जुन्या नाण्याला घासलं की त्याची किंमत जाती, हे हिला किती सांगितलंतं."

"लई हिरवी झालती," काकू शांतपणे म्हणाल्या. "देवापुढं तशी ठेवू का?"

गुरुजींचे म्हणणे खरे होते. खरे जुने नाणे कधी घासू नये. पण काकूंच्या चिंचेने पोलिसांचे काम केले होते. मी नाणी ओळीत मांडली. ठसे तपासायचे भिंग मागवले. 'श्री'च्या डावीकडे एक बारीक खाच होती. पहिल्या नाण्याला होती, दुसऱ्याला होती, नऊही नाण्यांना त्याच जागी होती. जुनी नाणी हातोड्याने एकेक पाडलेली असत. दोन नाणी तंतोतंत सारखी निघणे अवघड. ही एकाच साच्यातून ओतलेली होती, आणि ती खाच हिरव्या थराखाली झाकली गेली होती.

मी तक्रार नोंदवून घेतली. पुढच्या बाजारी साध्या वेशातल्या हवालदाराने त्या माणसाला आणले. तो फार गोड बोलत होता. मी आवाज चढवला नाही. मला खरोखरच त्याच्या विहिरीची उत्सुकता होती.

"पाणी किती परसावर लागलं?"

परस म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढे माप. आमच्याकडे विहीर त्यातच मोजतात. ज्याने विहीर खणली तो लेकरांची वयं चुकवेल, परस चुकवणार नाही.

"आठवत न्हाई, साहेब."

"खडक कुठं लागला?"

"ते... मजुरांनी खणली."

"मजूर कुठले?"

इथे त्याचा चहा कपातच राहिला. दुपारपर्यंत त्याने सगळे सांगितले. तांब्याच्या तुकड्यांतून तो नाणी ओतायचा आणि मीठ लावून ओल्या शेणात पुरून हिरवी करायचा. साचा झिजला होता. नव्या साच्यासाठी अस्सल शिवराई हवी होती, म्हणून गुरुजींचे नाणे.

पंचांसमक्ष त्याच्या घराची झडती घेतली. साचे मिळाले, आणि नाण्यांची एक पिशवी. पिशवीतले एक नाणे झिजलेले, जरा वाकडे. अक्षरांच्या खोबणीत काळपट लाल काहीतरी बसले होते. नीट दिसावे म्हणून मी पुसायला अंगठा टेकवला आणि थांबलो. का थांबलो, सांगता येत नाही. चिंच आठवली असावी.

ओळख पटवायला काकूंना बोलावले. बाकी नाण्यांकडे त्यांनी पाहिलेही नाही.

"हेच. सासूबाई रोज बोटानं कुंकू लावायच्या. अक्षरं झिजतील म्हनून ह्याला कधी चिंच लावू दिली न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिले. "पोलिसांनी घासलं तर न्हाई ना?"

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमालातून ते नाणे परत मिळाले, तेव्हा गुरुजी ठाण्याच्या पायरीवर बसून रडले.

नवे संग्राहक आता माझ्याकडे सल्ला मागायला येतात. मी सांगतो, आधी संग्रहालयात जाऊन अस्सल नाणी डोळे भरून बघा, मग घ्यायच्या नाण्याचे वजन करा, कडा बघा, पावती देणाऱ्याकडूनच घ्या. 'कुठे बोलू नका' म्हणणारा भेटला तर लगेच चार जणांत बोला. त्या भामट्याने गुरुजींना नाण्याविषयी काहीच सांगितले नव्हते, सगळे विहिरीविषयी सांगितले होते.

आणि मळ पुसायची घाई करू नका. त्या दिवशी माझा अंगठा फिरला असता तर पुरावा गेला असताच, पण गुरुजींच्या आईच्या बोटाची खूणही त्या नाण्यावरून पुसली गेली असती.