आमचा धूर

काल जव्हारहून पोशेऱ्याला येताना एसटीच्या खिडकीतून राबाचा वास आला. भाताची रोपं करायच्या आधी शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून जमीन भाजतात ना, तो वास. नाकात शिरला आणि मी थेट त्या दोन खुर्च्यांच्या विमानात जाऊन बसले.

तेव्हा नाशिकला नोकरी करता करता मी हौसेनं विमान चालवायला शिकत होते. त्या सकाळी पहिल्यांदाच आमच्या गावावरून जायचं होतं. बाबा म्हणाले होते, "मी राब पेटवून ठेवतो. धूर दिसला का तिथंच आपला घर."

वरून पाहिलं तर धूरच धूर. उतारावरच्या सगळ्या खाचरांतून सारख्याच पांढऱ्या रेघा निघालेल्या. त्यात आमची कुठली? मी काचेला नाक लावून शोधत होते, तेवढ्यात शेजारी बसलेल्या, शिकवणाऱ्या सरांचा हेडफोनमधून आवाज आला, "इंजिन बंद पडलं तर उतरशील कुठे? आधी सांग, वारा कुठून आहे?"

धूर कलला होता त्यावरून मी वारा सांगितला. उत्तर बरोबर आलं, पण तोवर गाव मागे पडलं होतं. परतीच्या वाटेवर मला नुसतं रडू येत होतं.

रविवारी घरी गेले ती फुगूनच. "बाबा, नेमके त्याच दिवशी सगळ्यांनी कशाला पेटवले? आपला ओळखूच आला नाही."

बाबा बावरले. "मीच पाड्यात सांगितला होता, पोर वरून जानार म्हणून. तर सगली बोलली, तुझ्या एकट्याच्या धुरानं तिला काय दिसंल? आम्ही पन पेटवतो."