शेंदरामुळे फसलेली प्लेट

१९६७ साल, माझं वय साठ. शाळा तिसरीपर्यंत, धंदा शिंप्याचा. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोची, तुळसाची, एक्स-रे प्लेट उजेडाकडे धरली नि कन्नडमधून म्हणाल्या, "अण्णा, कॅन्सर दिसतो. पांढरे ठिपके बघा. बराच पसरलाय."

मी म्हटलं, "तुमचं यंत्रच बिघडलंय."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहितो. गाठ तिला आंघोळीत लागली, डाव्या स्तनात. पहिली तपासणी हाताची. त्यात बारीक गाठ सुटते. दुसरी दिव्याची. अंधाऱ्या खोलीत स्तनाखाली दिवा धरतात. पाण्याची गाठ उजळते, भरीव गाठीची सावली पडते. हिची पडली, पण साकळलेल्या रक्ताचीही पडते म्हणे. तिसरी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे. हाताला न लागणारंही त्यात दिसतं. बाई परदेशी शिकून आलेल्या, म्हणून बेंगळुरात ती मिळाली.

तुळसाला तिथंच ठेवून घेतलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत. घरी आलो. "अहो, कापी निवतेय," ही तिची कॉफीची हाक आली नाही. तरी कान दाराकडेच.

दुसऱ्या दिवशी नर्सनं तिची चोळी बदलली आणि बाहेर येऊन ओरडलीच, "अण्णा, हा शेंदूर कुणी माखला?"

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. पहिल्या दोन तपासण्या झाल्यावर, एक्स-रेच्या सकाळी, मारुतीचा शेंदूर गाठीवर चोपडून पाठवलेलं. तुळसानं लाजेनं चोळी उतरवली नाही, प्लेट तशीच घेतली. शेंदरात शिसं असतं, ते पांढरं उमटतं.

बाई म्हणाल्या, "यंत्र ठीक आहे, अण्णा. तुमची अक्काच स्वल्प बिघडलीय."

धुऊन पुन्हा प्लेट घेतली. ठिपके गेले. काटेरी कडांची गाठ राहिली. मग बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. खरा निकाल तिचाच. कॅन्सर होता, पसरल्याची खूण नव्हती. स्तन काढावा लागला. बाईंचे उपकार मानतो. तुम्ही मात्र अंग धुऊन जा, अंगाला काही लावू नका.

ऑपरेशननंतर भेटायला गेलो, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"घरी येत नाही मी. तुम्ही शिवलेली एकही चोळी आता बसायची नाही."

"मग नवरा शिंपी कशाला आहे?"



दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडलीच नाही. तिची हिरवी इरकली चोळी घेतली, डावी शिवण उसवली, आत पिंजलेला कापूस भरला आणि वरून टीप घातली.