सॅम्पलरवरचा पखवाज

सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवा छंद लावून घेऊ नये, असं माझं आता मत झालं आहे. घेतलाच तर बागकामाचा घ्यावा. झाड वाळलं तर निदान दिसतं तरी.

मी सॅम्पलर घेतला. ऑफिसमधला एक सहकारी कायमचा परदेशी चालला होता आणि घरातलं सामान काढत होता, त्याच्याकडून. वहीएवढी पेटी, तिच्यावर सोळा रबरी पॅड आणि काडेपेटीएवढा पडदा. कुठलाही आवाज माइकने तिच्यात भरायचा, एकेका पॅडवर बसवायचा आणि मग बोटांनी पॅड दाबून त्या आवाजांचं संगीत करायचं. बाकीचं काम लूप करतो, म्हणजे वाजवलेला तुकडा पेटी फिरून फिरून ऐकवत राहते. पहिला महिनाभर कुकरची शिट्टी, बादलीवरची थाप आणि बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दार एवढ्या भांडवलावर मी संगीतकार होतो. बायको म्हणाली, "छान आहे. हेडफोन लावलास तर आणखी छान वाटेल."

वडील आमच्याकडेच असत. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली आणि तिथल्याच लोकांच्या भजनी मंडळात ते तीस वर्षं पखवाज वाजवत. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात भजन असे. उजव्या हाताला कंपवात सुरू झाल्यापासून त्यांनी जाणं बंद केलं होतं. मंडळात मात्र गुडघा दुखतो असं सांगितलं होतं. पखवाजाच्या जागेवरून कुणी कुणाला ऊठ म्हणायचं नाही, अशी तिथली रीत आहे. वाजवणाऱ्याला स्वतःला वाटेल तेव्हा तो वाद्याला नमस्कार करून ते शेजाऱ्यापुढे सरकवतो, तेव्हाच ती जागा दुसऱ्याची होते. वडिलांनी पखवाज सरकवला नव्हता. त्यामुळे दीड वर्ष झालं तरी जागा त्यांचीच होती आणि तिथे बसणारा गृहस्थ स्वतःला बदली कामगार म्हणवून घ्यायचा. वडील चहाचा कप दोन्ही हातांनी धरून गॅलरीत बसून असत.

एका रविवारी मी म्हणालो, "बाबा, तुमच्या पखवाजाचे आवाज यात भरून घेऊ का?"

"त्यात कुकर आहे ना? बास की."

पण उठले. घरच्या पखवाजाची खोळ काढली, डाव्या बाजूला ओली कणीक लावली, दोऱ्या ताणल्या. एकेक थाप सुटी दिली तर हात साथ द्यायचा. लागोपाठ वाजवायला गेलं की बोटं अडखळायची, एकच थाप दोनदा पडायची. आम्ही सुट्या थापा घेतल्या, प्रत्येक बोल वेगळा, आणि मी ते पॅडवर बसवले. मग नुसती गंमत म्हणून पेटी त्यांच्यापुढे सरकवली.

ते भजनी ठेका वाजवू लागले. मला ऐकवेना. बोटं घसरत होती, एका थापेच्या दोन होत होत्या, ठेका कुठेच्या कुठे चालला होता. मी पडद्याकडे बघत राहिलो, त्यांच्याकडे बघायला नको म्हणून. ते थांबले आणि लूप फिरून आला. स्वच्छ ठेका. एकही थाप इकडची तिकडे नाही.

वडिलांनी मान वाकडी करून ऐकलं. "परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी आणखी दोनदा वाजवून पाहिलं आणि दोन्ही वेळा तेच झालं. मग ते म्हणाले, "वाजवताना चुकतंय असं वाटतं. ऐकलं की बरोबर असतं. म्हणजे भीती डोक्यात आहे, हातात नाही."

मला ते पटलं. मी इंजिनिअर आहे, पगार विचार करण्याचा घेतो, तरी पटलं. वाजवताना मी नीट ऐकलंच नव्हतं, मलाच घाबरायला झालं होतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की श्रीखंड आणायला मी स्वतः खाली गेलो.

मग रोजचा नेमच झाला. मी ऑफिसमधून येईपर्यंत वडील दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून पेटीपाशी बसलेले असत. अर्धा तास वाजवायचे, पाऊण तास ऐकायचे. पोळी एक जास्त खायला लागले. एका संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या बुवांना, म्हणजे भजन गाणाऱ्यांना, माझ्यासमोरच फोन लावला. "गुडघा बरा आहे आता. दत्तजयंतीला मी बसतो." पलीकडून बुवा इतक्या मोठ्याने हसले की मला ऐकू आलं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी माझं काहीतरी बनवत बसलो होतो. लिफ्टचं दार मला जरा उशिरा आपटायला हवं होतं. मी उशिरा दाबायचो, पेटी वेळेवर आपटायची. पाच-सहा वेळा तसंच झाल्यावर माझं डोकं फिरलं आणि पहिल्यांदाच मी माहितीपुस्तिका उघडली. क्वांटाइज नावाची एक सोय असते. बोट मागेपुढे पडलं तर ती थाप उचलून ठरलेल्या मात्रेवर नेऊन ठेवते. एकाच जागी दोन थापा आल्या तर त्यांची एक करते. ही सोय पेटीत आधीपासूनच चालू असते आणि नवशिक्याला ते ठाऊक नसतं. मी ती बंद केली आणि माझा आवडता तुकडा पुन्हा वाजवला. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज आला.

मला माझा तुकडा नाही, वडिलांचा तो स्वच्छ ठेका आठवला. शेजारच्या खोलीत वडील खोळीला नवी नाडी ओवत होते. दत्तजयंतीला बारा दिवस होते.

सांगायला हवं होतं. मी उठून दारापर्यंत गेलोसुद्धा. सुईत धागा ओवावा तसं डोळे बारीक करून ते नाडी ओवत होते आणि ओवताना तोंडाने ठेका म्हणत होते. मी परत आलो. सरावाने हात सुधारेलही, असं मनाशी म्हणालो. भजनात माणसं सांभाळून घेतील, असंही म्हणालो. खरं कारण एवढंच की त्यांचा चेहरा उतरलेला बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मग मी ती सोय पुन्हा चालू केली. आधी जे झालं ती चूक होती. हे मी समजून उमजून केलं.

दत्तजयंतीला देऊळ भरलं होतं. वडील बुवांच्या उजव्या हाताला त्यांच्या जागेवर बसले. बदली कामगाराने त्यांना वाकून नमस्कार केला आणि शेजारी टाळ घेऊन बसला. पहिल्या अभंगाच्या दुसऱ्याच ओळीला ठेका सुटला. बुवांनी गाणं थांबवलं नाही, वडिलांकडे पाहिलंही नाही. टाळकऱ्यांनी मात्र टाळ मोठे केले. एकमेकांना न सांगता सगळ्यांनी मोठे केले, म्हणजे पखवाज झाकला जाईल. समोरच्या लोकांना काही कळलं नसेल. ते भजन रंगलंय असं समजून टाळ्या वाजवत होते.

टाळ का वाढतात हे तीस वर्षं वाजवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. वडिलांनी तो अभंग शेवटपर्यंत नेला. मग वाद्याला नमस्कार केला आणि पखवाज शेजाऱ्यापुढे सरकवला. शेजारी घेईना. "घ्या," वडील म्हणाले, "कार्यक्रम खोळंबलाय."

घरी आल्यावर त्यांनी मला पेटी लावायला सांगितली. लूप फिरत राहिला, तसाच स्वच्छ.

"ही पेटी सुधारून घेते का रे?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"बारा दिवस झाले."

"बरं," वडील म्हणाले. मग हातपाय धुऊन जेवायला बसले. त्या रात्री आणि पुढेही त्यांनी मला या गोष्टीचा एक शब्द ऐकवला नाही. रागावले असते तर मी पाय धरले असते. नंतर मी ती सोय बंद करून एकदा वाजवा म्हणून दोन-तीनदा विनवलं, तुमचं खरं वाजवणं राहू द्या म्हणालो. "आता कशाला?" एवढंच म्हणायचे. पखवाज त्यांनी मंडळाला देऊन टाकला.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तेराव्यानंतर बुवा भेटायला आले. माझ्याकडे वडिलांचं काहीतरी भरून ठेवलेलं आहे, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. "असेल तर ऐकव," म्हणाले. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. पेटीसुद्धा कुठली थाप कधी पडली एवढंच टिपत होती, आणि तेही दुरुस्त करून. तरी मी लावलं. निदान थापा तरी त्यांच्याच हाताच्या होत्या.

बुवा डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ ऐकल्यावर म्हणाले, "चांगला हात आहे. कोण हा?"

"बाबाच आहेत," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. "नाही रे. तुझे वडील समेवर किंचित मागून यायचे. अगदी पहिल्यापासून. तेवढ्यात मला श्वास घेता यायचा. यात कुठे श्वास घेणार?"

लूप फिरत होता. त्यात वडिलांच्या आजाराबरोबर वडीलही दुरुस्त झाले होते, आणि ते मी होऊ दिलं होतं.